मुलांना एकमेकांची घरे पाहू द्या: खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतील शिक्षण प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद जळगाव, धुळे आणि नंदुरबार;
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, यावल, धुळे, नंदुरबार आणि तळोदा;
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तिन्ही जिल्हे.

विषय: तिन्ही जिल्ह्यांतील शाळांच्या जोड्या लावून विद्यार्थ्यांचा परस्परसंबंध कायमस्वरूपी सुरू करण्याबाबत.

महोदय, महोदया,

१९९१ च्या पावसाळ्यात मी अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा सातपुड्यातला तो तालुका धुळे जिल्ह्यात होता; आता तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. माझे माहेर शिंदखेडा तालुक्यातले आणि घरची बोली अहिराणी. लहानपणी वर्गात ‘आहे’ऐवजी ‘शे’ तोंडून निघाले की हातावर छडी बसत असे. त्यामुळे चौथीत जाईपर्यंत घरी भरभरून बोलणारी आणि शाळेत गप्प बसणारी अशा दोन मुली माझ्यात तयार झाल्या होत्या. एवढे भोगूनही पावरा आदिवासींची पावरी बोली बोलणाऱ्या मुलांपुढे उभी राहिल्यावर मी त्यांच्याशी तसेच वागले. जनरल रजिस्टर भरताना ज्या नावांचा उच्चार मला जमेना, ती नावे मी ‘शुद्ध’ करून लिहिली. ज्यांच्या आईवडिलांना जन्मतारीख सांगता येईना, त्या सगळ्यांना १ जून ही तारीख दिली. पुढे कित्येक आठवडे मी हजेरी घेत असे, समोर बसलेली मुले त्या नव्या नावांना ओ देत नसत आणि मी त्यांच्यापुढे गैरहजेरीची खूण करत असे. ती नावे आज त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहेत, जातीच्या प्रमाणपत्रावर आहेत आणि त्यांच्या मुलांच्या नावापुढे वडिलांचे नाव म्हणूनही लागली आहेत. ही चूक माझ्या हातची आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण तीच असल्याने ती आधी सांगितली.

पुढे माझी नोकरी साक्री तालुक्यात आणि आंतरजिल्हा बदलीनंतर एरंडोल तालुक्यात झाली. तिन्ही जिल्ह्यांच्या शाळांत मिळून ३२ वर्षे काढल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, मुलाचे घर, बोली, सण आणि अन्न ओळखून शिकवणारी शाळा शिक्षकांना प्रशिक्षण देऊन पुरती घडत नाही. आपल्या घरातले काही सांगण्यासारखे आहे हे मुलाला तेव्हाच कळते, जेव्हा दुसरे मूल त्याला ते विचारते. आणि मुलाने दिलेले उत्तर कानावर पडले की शिक्षकही पहिल्यांदा ऐकू लागतो. म्हणून माझी मागणी एकच आहे. तिन्ही जिल्ह्यांतील शाळांच्या जोड्या लावाव्यात आणि त्या शाळांतील मुलांचा एकमेकांशी पत्रांचा, कामाचा व भेटीचा संबंध निदान तीन वर्षे सलग राहील अशी व्यवस्था करावी.

यासाठी नवा कायदा नको. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याक समाजांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींचा उल्लेख आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मातृभाषेतून शिकवणे शक्य तेथवर बंधनकारक केले असून, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडू देणे हेही त्याच कलमात सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आणि शाळांच्या जोड्या लावण्याची कल्पनाही मांडली, मात्र ती सरकारी व खासगी शाळांपुरती. नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकापासून मुलांच्या बोलीतून शिकवून दाखवले आहे. कागद भरपूर आहेत. अडते ते वर्गात.

ते कसे अडते याचे एक उदाहरण देते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते, सगळी भाऊबंदकी रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणासाठी, एका घरात जमते आणि सोमवारी सकाळी कानबाईचे विसर्जन होते. त्या सोमवारी एरंडोल, अमळनेर, शिरपूर भागातल्या वर्गात किती मुले असतात हे आपण सर्व जाणता. त्याबद्दल कोणीही शिक्षक पालकांना दोष देत नाही, कारण बहुतेकदा तो स्वतःही कानबाईच्या घरचाच असतो. आता सातपुड्यात या. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, मानता म्हणजे नवस घेतलेली माणसे अंगावर नक्षी रंगवून आणि कमरेला घुंगरू बांधून गावोगावच्या होळीला नाचायला जातात, पाळणी म्हणजे व्रताचे नियम पाळतात. त्या दिवसांत वर्ग रिकामा झाला की आमच्या अहवालात वाक्य येते: ‘पालक शिक्षणाबाबत उदासीन आहेत.’ हे वाक्य मी स्वतः लिहिले आहे. दोन्हीकडे मूल सणासाठी घरी राहिले. एकाचे घरी राहणे आम्हाला दिसले नाही आणि दुसऱ्याचे आम्ही कागदावर चढवले. कानबाईच्या घरात वाढलेल्या दहा मुलांनी काठीच्या होळीबद्दल पत्रातून विचारले असते आणि धडगावच्या, म्हणजे अक्राणी तालुक्याच्या मुख्य गावच्या, मुलांनी कानबाईबद्दल, तर त्या दोन्ही वर्गांच्या शिक्षकांना ते वाक्य लिहिणे अवघड झाले असते.

आपण एकमेकांना परके का झालो, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडला आहे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. कारभारासाठी ते आवश्यकच होते आणि नंदुरबारला त्याचा लाभही झाला. पण शाळेपुरते पाहिले तर एक गोष्ट हातची गेली. १९९८ पूर्वी जिल्हास्तरीय क्रीडास्पर्धांना अक्राणीची आणि शिंदखेड्याची मुले एकाच मैदानावर येत, एकाच पंगतीत जेवत. शिक्षकांच्या बदल्याही डोंगरातून पठारावर आणि पठारावरून डोंगरात होत असल्याने दोन्हीकडचे जाणणारे थोडे तरी शिक्षक तयार होत. आता आंतरजिल्हा बदली ही अनेक वर्षे वाट पाहण्याची गोष्ट झाली आहे, आणि चाळीसगावच्या मुलाला सहलीत अजिंठा दिसतो पण तोरणमाळ दिसत नाही.

भाषेचे पाहिले तर हे परकेपण आणखी आश्चर्याचे वाटते. भाषांचे अभ्यासक ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांचे जे सर्वेक्षण केले, त्याच्या १९०७ साली निघालेल्या भागात खानदेशी आणि भिल्ल समाजाच्या बोली एकत्र मांडल्या आहेत. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीपासून वेगळी नोंदली असून ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी काय ठरवावे हा माझा विषय नाही. मला एवढेच दिसते की अहिराणीतले ‘शे’ आणि सीमेपलीकडच्या गुजरातीतले ‘छे’ शेजारी शेजारी ठेवले की पाचवीतल्या मुलाचे डोळे चमकतात, आणि तेच मूल मग लेवा गणबोलीत, तडवींच्या घरात, मावचीत, पावरीत याला काय म्हणतात हे विचारू लागते. ज्या शब्दासाठी मला छडी बसली, तो शब्द अशा वेळी अभ्यासाचा विषय होतो.

आता अनुभव सांगते. एरंडोल तालुक्यात असताना माझ्या पाचवीच्या वर्गाचा आणि धडगावकडील एका जुन्या सहकाऱ्यांच्या शाळेचा पत्रव्यवहार आम्ही दोघांनी स्वतःहून सुरू केला होता. पहिली पत्रे अगदी निर्जीव होती. ‘आम्ही मजेत आहोत, तुम्हीही मजेत असाल’ असे पंचवीस मुलांनी फळ्यावरून उतरवून घेतले होते आणि तो दोष माझा होता. दुसऱ्या खेपेला मी फळा पुसला व एवढेच सांगितले की, ज्याला खरेच काही विचारायचे असेल त्यानेच लिहावे. अकरा पत्रे झाली. त्यांतील एका मुलाने विचारले होते, ‘तुमच्या गावाचा फोटो सरांनी दाखवला, त्यात एकच घर आहे, बाकीचे गाव कुठे आहे?’

त्याचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. तिकडच्या चौघांनी मिळून एका मोठ्या कागदावर आपल्या पाड्यांचा नकाशा काढला होता. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर मधला नाला उतरून पुन्हा चढायचा. शाळा कुठे, पाणी कुठून आणतात, मोहाची झाडे कोणाकोणाची, गुरे कुठे चारतात, हे सगळे त्यात होते. खाली लिहिले होते की, गाव म्हणजे हे सगळे. माझ्या वर्गात त्यावर आठवडाभर चर्चा चालली. आमच्या मुलांच्या डोक्यातले गाव म्हणजे वेस, वेशीतला मारुती, पार, गल्ल्या आणि भिंतीला भिंत लागलेली घरे. पाठ्यपुस्तकातले चित्रही तसेच. ते चित्र डोंगरातल्या मुलाच्या हाती पडते तेव्हा आपण जिथे राहतो त्याला गाव म्हणत नसावेत असेच त्याला वाटत असणार, हे अक्राणीत काही वर्षे शिकवूनही माझ्या लक्षात आले नव्हते. ते माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या प्रश्नाने लक्षात आले. त्यानंतर आमच्या मुलांनीही आपल्या गावाचा नकाशा काढून पाठवला, आणि तो काढताना गावाच्या कडेची भिल्लवस्ती काढायची राहिली हे त्याच वस्तीतल्या मुलीने उभे राहून सांगितले. वर्षभरात ती पहिल्यांदा वर्गात आपणहून बोलली होती.

त्या मुलीचा अनुभव मी मुद्दाम लिहिते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के, धुळ्यात सुमारे ३२ टक्के आणि जळगावात सुमारे १४ टक्के आहे. याचा अर्थ, जळगाव जिल्ह्यातल्या बहुतेक वर्गांत आदिवासी मुले दोन-चारच असतात आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त गप्प असतात. दूरच्या शाळेशी नाते जुळले की या जवळच्या मुलाचीही जागा वर्गात बदलते. बोलणे दूरच्या मुलांशी सुरू झाले होते. ऐकू आपल्याच वर्गातली आली.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात हे काम अधिकच निकडीचे आहे. केळीच्या बागांत काम करणारी कितीतरी कुटुंबे सातपुड्यातून उतरलेली आहेत. नंदुरबार आणि साक्रीकडील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आहे, आणि तिचा हेतू उत्तम आहे. परंतु कार्ड घेऊन आलेले मूल नव्या शाळेत शेवटच्या रांगेत बसते, कारण ते कोणत्या गावचे, त्याला काय येते, ते कोणती बोली बोलते, हे तिथल्या शिक्षकाला ठाऊक नसते आणि विचारायला दुसरीकडे कोणी ओळखीचेही नसते. दोन्हीकडच्या शाळांची जोडी असेल तर शिक्षक फोन उचलून विचारू शकेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या वर्गातल्या मुलांना त्या डोंगराचे नाव आधीच माहीत असेल.

या कामात काय करू नये, हेही मी पाहिले आहे. एका शहरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला डोंगरातील एका शाळेची मुले आणली होती. मोरपिसांचे टोप घालून त्यांनी होळीचा नाच केला, टाळ्या पडल्या, प्रमाणपत्रे वाटली, जेवण झाले आणि संध्याकाळी गाडी परत गेली. त्या दिवसभरात यजमान शाळेतल्या एकाही मुलाने पाहुण्यांपैकी एकाचेही नाव विचारले नव्हते. परतताना एका मुलाने मला विचारले की, मॅडम, ते लोक आम्हाला त्यांचा नाच दाखवणार नव्हते का? हा प्रश्न रास्त होता. ज्या भेटीत एक बाजू दाखवते आणि दुसरी केवळ पाहते, ती भेट न झालेली बरी. वह्या-दप्तरे वाटण्यासाठी होणाऱ्या भेटीबद्दलही माझे हेच मत आहे. दोन्ही शाळांनी यजमान व्हावे, दोन्हीकडच्या मुलांनी विचारावे आणि दोन्हीकडच्यांनी सांगावे, एवढी अट आपल्या परिपत्रकात स्पष्ट शब्दांत यावी अशी माझी विनंती आहे.

मुक्कामाचा प्रश्न निघाला की जेवणाचा प्रश्न निघतो आणि जेवणाचा प्रश्न निघाला की जात निघते. हे टाळून पुढे जाता येणार नाही. पालकसभेत एका वडिलांनी मला सरळ विचारले होते की आमची मुलगी तिथे कोणाच्या घरचे खाईल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आधी त्यांच्या मुलीने आलेल्या पत्रातून भगरीबद्दल आणि आमचूर कसा वाळवतात त्याबद्दल वाचून दाखवले. मग आम्ही ठरवले की पहिल्या भेटीत जेवण शाळेतच करायचे, शालेय पोषण आहाराची खिचडी दोन्हीकडे सारखीच शिजते तेव्हा त्याच चुलीवर दोन्हीकडचे एक-एक पदार्थ करायचे. कळण्याची भाकरी आणि भरीत आम्ही नेले. दुसऱ्या वर्षी त्याच वडिलांनी मुलीला तिकडच्या मैत्रिणीच्या घरी जेवायला परवानगी दिली. सगळीकडे असेच होईल असे मी म्हणत नाही. घाई केली तर एका सभेत सगळे मोडते आणि पुन्हा जुळत नाही, म्हणून पहिले वर्ष पत्रांचे, दुसरे भेटीचे आणि घरी मुक्काम पालकांनी आपणहून म्हटले तरच, असा क्रम असावा.

कामाचा विषय कोणता घ्यावा, याबद्दल माझी सूचना तापीची आहे. रावेर आणि मुक्ताईनगरकडून जळगाव जिल्ह्यात शिरणारी ही नदी भुसावळ, चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा, शहादा असे तालुके ओलांडत तिन्ही जिल्ह्यांतून जाते. हतनूरचे धरण, पुढे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेज तिच्यावर आहेत. काठावरच्या चार-पाच शाळांनी एकाच दिवशी पाण्याची पातळी, रंग, काठावरची पिके, पुराच्या आठवणी आणि मासे धरण्याच्या साधनांची नावे नोंदवून एकमेकांना पाठवली, तर भूगोल, विज्ञान, भाषा आणि इतिहास यांचा अभ्यास होईलच, पण वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाला पोचते हेही मुलांना कोणी न सांगता दिसेल. नदीपासून दूर असलेल्या शाळांना आठवडे बाजार, बियाणे, घर बांधण्याची पद्धत, देवाची गाणी असे विषय घेता येतील. दरवर्षी मुलांनीच गोळा केलेला चार-पाच बोलींचा शब्दसंग्रह तयार व्हावा आणि तो जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी छापून त्याच शाळांना परत द्यावा. पहिलीला शिकवणाऱ्या नव्या शिक्षकाला त्यासारखे साधन मिळणार नाही; १९९१ मध्ये मला ते मिळाले असते तर काही नावे तरी बिघडण्यापासून वाचली असती.

व्यवस्थेबद्दल काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा एका विभागाकडे आणि आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असल्याने, एकाच गावात असूनही त्या एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणून दोन्ही विभागांनी एकत्र बसून जोड्या ठरवाव्यात आणि आश्रमशाळांना त्यात पहिल्यापासून घ्यावे. जोडी शिक्षकाच्या नावाने न लावता शाळेच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या नावाने लावावी, म्हणजे बदली झाली तरी ती टिकेल. सत्रातून एक शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातील शिक्षकांची बैठक, दोन जोडकेंद्रांची मिळून घ्यावी. सहलीसाठी एस.टी. सवलतीच्या दरात बस देते, तेव्हा वर्षातील एक सहल जोडशाळेकडे वळवली तर वेगळ्या निधीची फारशी गरज पडणार नाही. व्हिडिओ कॉलची सक्ती कृपया करू नये; अक्राणीच्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते आणि पोस्टाचे पत्र मात्र उशिरा का होईना पोचते. आणि एक विनंती हात जोडून करते, की या कामाचे फोटो अपलोड करायला सांगू नका. ज्या दिवशी फोटो मागितले जातील, त्या दिवसापासून मुले फोटोसाठी उभी राहतील.

पायाभूत वाचन-लेखन व गणिताच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट पूर्ण करायचे असताना हे कधी करायचे, असे अनेक शिक्षक विचारतील आणि त्यांची अडचण खरी आहे. माझे उत्तर एवढेच की, त्या अकरा पत्रांपैकी दोन पत्रे अशा मुलांची होती ज्यांना मी तोवर लिहिता येत नाही असे समजत होते. वाचणारा कोणी आहे हे कळल्यावर त्यांनी लिहिले.

खानदेशाला ही कल्पना परकी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही त्यांनी सांभाळले. पुढे १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला, की एका प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि जीवन प्रेमाने जाणून घ्यावे. प्रांतांचे आपण नंतर पाहू. अमळनेर आणि धडगाव यांच्यामध्ये ते अजून व्हायचे आहे.

नवीन शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते. त्याआधी तिन्ही जिल्हा परिषदांची, चारही प्रकल्प कार्यालयांची आणि प्रशिक्षण संस्थांची एक बैठक धुळ्यात घ्यावी. तेथे तिन्ही जिल्ह्यांतून येणे सर्वांना सोयीचे आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन शाळा निवडल्या तरी सुरुवात होईल. मी निवृत्त आहे, बोलावल्यास स्वखर्चाने येईन आणि आमच्या त्या पत्रांचा गठ्ठा सोबत आणीन. त्यातील सहा पत्रांची उत्तरे द्यायची राहून गेली आहेत, कारण त्या वर्षी तिकडच्या सहकाऱ्यांची बदली झाली, पुढच्या वर्षी माझी झाली आणि पत्रव्यवहार थांबला. ती लिहिणारी मुले आता मोठी झाली असतील. त्यांचे पाडे आणि शाळा मला ठाऊक आहेत.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषद शाळेची एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका